समुद्राला सातबारा नाही, मग तिथे नवा देश का निघत नाही?

शिरूर-दौंडच्या माणसाचं समुद्राशी तसं काही देणंघेणं नाही. इथलं पाणीसुद्धा जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ करून वाहतं. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पार तिकडे बंगालच्या उपसागराला. सरकारशी मात्र इथल्या माणसाची रोजची गाठ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती खुली व्हायला मे २०२४ उजाडला. एका साखर कारखान्यापासून दुसरा किती अंतरावर असावा, हे सरकार ठरवतं. शेतजमिनीवर कारखाना काढायचा तर बिगरशेतीचे कागद आधी. अशा वैतागात पारावर एखादा म्हणतोच, "सगळं सोडावं आणि लांब समुद्रात जाऊन राहावं. ना तलाठी, ना जीएसटी."

आपल्याकडे हे बोलणं चहाबरोबर संपतं. पण जगात काही जणांनी ते मनावर घेतलं. गेल्या साठ वर्षांत इंग्लंड, इटली, टोंगा, थायलंड, पनामा अशा अनेक किनाऱ्यांसमोर स्वतःचा देश किंवा निदान स्वतःची स्वतंत्र वस्ती थाटण्याचे प्रयत्न झाले. त्यामागचं गणित वरकरणी पटण्यासारखं आहे. अंटार्क्टिकासारखे एकदोन अपवाद सोडले, तर जगातली सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या देशाच्या ताब्यात आहे. पण पृथ्वीचा ७० टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला, आणि समुद्राला सातबारा नाही. जिथे कोणाचंच नाव नाही, तिथे जाऊन आपलं नाव लावलं तर अडवणार कोण?

अडवणारे जवळपास प्रत्येक वेळी निघाले. ते कोण आणि त्यांनी कशाच्या जोरावर अडवलं, हे पाहिलं की 'देश' नावाची गोष्ट नेमकी कशावर उभी असते ते कळायला लागतं.

सरकार नको म्हणणारे हे कोण?

या खटपटींमागे बहुतेक वेळा एक राजकीय विचार असतो. त्याला लिबर्टेरियन विचार म्हणतात; आपण स्वातंत्र्यवादी म्हणू. त्याचं सार असं: माणूस आपल्या शरीराचा, श्रमाचा आणि मालमत्तेचा धनी आहे. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर त्याने काय पिकवावं, काय विकावं, कोणाशी काय करार करावा, यात सरकारने पडू नये. चोर पकडणं, तंटे सोडवणं आणि सीमा राखणं एवढंच सरकारचं काम. त्यातले कडवे तर म्हणतात की तेवढ्यासाठीही सरकार नको, माणसं आपापसांत करार करून भागवतील.

बहुतेक स्वातंत्र्यवादी पुस्तकं लिहितात, पक्ष काढतात, निवडणुका हरतात आणि पुन्हा लढतात. थोड्यांचा मात्र धीर सुटतो. जुना देश सुधारण्यापेक्षा नवा काढणं सोपं, असं त्यांना वाटतं. अशा मंडळींनी २००८ मध्ये अमेरिकेत 'सीस्टेडिंग इन्स्टिट्यूट' ही संस्था काढली. तिचा एक संस्थापक पॅट्री फ्रीडमन हा नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा नातू. 'पेपाल'चे सहसंस्थापक पीटर थील यांनी सुरुवातीला ५ लाख डॉलर दिले. कल्पना अशी की समुद्रावर तरंगती घरं असावीत. शेजारचं सरकार आवडेनासं झालं की घराचा दोर सोडावा आणि दुसऱ्या वस्तीला जाऊन बांधावा. गिऱ्हाईक टिकवायचं तर सरकारांना चांगलं वागावंच लागेल.

कागदावर हे सगळं बिनतोड दिसतं. पाण्यावर काय होतं ते पाहू.

समुद्र म्हणजे गायरान

पहिली समजूत दुरुस्त करायला हवी ती 'समुद्र कोणाचाच नाही' ही. गावात गायरान असतं. ते कोणा एकाच्या मालकीचं नसतं, गावातल्या कोणाचीही गुरं तिथे चरतात. पण उद्या एखाद्याने तिथे कुंपण घालून घर बांधलं, तर तहसीलदाराची नोटीस येते. 'जागा कोणाची नव्हती म्हणून मी घेतली' हा बचाव तिथे चालत नाही, कारण ती जागा सगळ्यांची असते. खुल्या समुद्राचा कायदा याच तत्त्वावर चालतो. कोणीही जहाज हाकावं, मासे धरावेत, तारा टाकाव्यात. मालकी मात्र कोणी सांगू नये.

हा कायदा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार. तो १९८२ मध्ये झाला, १९९४ मध्ये अमलात आला आणि भारताने १९९५ मध्ये त्याला संमती दिली. खुल्या समुद्राच्या कुठल्याही भागावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्व सांगता येणार नाही, असं त्याच्या ८९ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. जे अमेरिका-चीनला करता येत नाही, ते चार मित्रांनी वर्गणी काढून करता येईल, असं मानायला जागा नाही.

शिवाय हे गायरान किनाऱ्याला लागून सुरू होत नाही. त्याच्या अलीकडे पट्टे आहेत. पूर्वी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतच देशाची सत्ता मानत. किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जिथवर पोचेल तिथवर राजाचा अंमल, अशी त्या हिशेबामागची जुनी धारणा. आता पहिला पट्टा १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा. शिरूरहून निघून रांजणगाव गणपती ओलांडून थोडं पुढे जावं, एवढं हे अंतर. या पट्ट्यात किनाऱ्यावरच्या देशाचा कायदा जवळपास जमिनीइतकाच चालतो.

दुसरा पट्टा २०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचा. मुंबईहून रेल्वेने निघून दौंड मागे टाकून कुर्डुवाडी गाठावी, जवळपास तेवढा. याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. इथून इतर देशांची जहाजं बिनदिक्कत जाऊ शकतात, पण मासे, तेल, वायू यांवर आणि कृत्रिम बेटं किंवा फलाट उभारण्यावर हक्क फक्त किनाऱ्यावरच्या देशाचा. भारताने हे हक्क १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने आपल्याकडे घेतले आहेत. खरं गायरान सुरू होतं ते यापलीकडे.

पाय टेकायचे कुठे?

महाराष्ट्राच्या समोर समुद्रात माणसं कायम राबतात अशी एक जागा आहे: बॉम्बे हाय, म्हणजे आजचं मुंबई हाय. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने १९७४ मध्ये तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. समुद्राच्या तळात रोवलेले पोलादी पाय, त्यांवर फलाट, फलाटावर यंत्रं, राहायच्या खोल्या, भटारखाना आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा. कामगार हेलिकॉप्टरने येतात, ठरलेले दिवस काम करतात आणि परततात.

ही जागा १२ मैलांच्या कितीतरी बाहेर आहे. मग तिथल्या कामगारांनी उद्या झेंडा फडकवून स्वातंत्र्य जाहीर केलं तर? काहीही होणार नाही. कराराच्या ६० व्या कलमानुसार कृत्रिम फलाटाला बेटाचा दर्जा मिळत नाही. त्याच्याभोवती स्वतःचा समुद्री पट्टा तयार होत नाही, मिळतो तो जास्तीत जास्त ५०० मीटरचा सुरक्षेचा घेर. आणि फलाट उभारायची परवानगी मुळात भारताचीच लागते.

मग ३७० किलोमीटरच्या पलीकडे जावं म्हटलं, तर निसर्ग आडवा येतो. मुंबई हायला पाणी जेमतेम ७५-८० मीटर खोल आहे, म्हणून तिथे खांब रोवता आले. किनाऱ्याजवळची ही उथळ पायरी संपली की तळ एकदम खाली जातो आणि अरबी समुद्र हजारो मीटर खोल होतो. तिथे खांब रोवणं कोणाच्याही आवाक्यातलं नाही.

नव्या देशांची खरी कोंडी इथे आहे. जिथे पाय टेकतात तिथे मालक आहे, आणि जिथे मालक नाही तिथे पाय टेकत नाहीत.

एक मनोरा, एक राजघराणं

या कोंडीतून एकच जण बऱ्यापैकी निसटला, तोही कायद्यातल्या जुन्या फटीतून. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांवर मारा करण्यासाठी ब्रिटनने आपल्या किनाऱ्यासमोर समुद्रात काही मनोरे उभारले. त्यांतला 'रफ्स टॉवर' सफोक परगण्यासमोर, किनाऱ्यापासून सुमारे सात सागरी मैलांवर होता. काँक्रीटचे दोन पोकळ, गोल खांब आणि त्यांवर टेकवलेला पोलादी फलाट, एवढाच हा मुलूख. युद्ध संपल्यावर सैन्य निघून गेलं. वर जायला धड वाट नाही. बोटीतून आलेल्या माणसाला झोपाळ्यासारख्या फळीवर बसवून यंत्राने वर ओढून घेतात, खाली लाटा खांबांवर आपटत असतात.

रॉय बेट्स हे ब्रिटिश सैन्यातले निवृत्त मेजर. ते विनापरवाना रेडिओ केंद्र चालवत आणि त्यासाठी त्यांना दंडही झाला होता. त्यांनी या मनोऱ्याचा ताबा घेतला आणि २ सप्टेंबर १९६७ ला 'सीलँड'चं स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढच्याच वर्षी जवळ आलेल्या बोटीच्या दिशेने त्यांच्या मुलाने इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या. प्रकरण इंग्लंडच्या कोर्टात गेलं. ब्रिटनचा समुद्र तेव्हा तीनच मैलांचा होता, त्यामुळे घटना आमच्या हद्दीबाहेरची आहे असं न्यायाधीशांनी सांगितलं. बेट्स यांना हा विजय वाटला. राज्यघटना, झेंडा, नाणी, तिकिटं, पासपोर्ट असा सगळा सरंजाम उभा राहिला.

मग राज्याला जे होतं तेच इथे झालं. ऑगस्ट १९७८ मध्ये सीलँडचा स्वतःला पंतप्रधान म्हणवणारा एक जर्मन व्यावसायिक फिरला. बेट्स बाहेर असताना त्याने भाडोत्री माणसं पाठवून मनोरा ताब्यात घेतला आणि बेट्स यांच्या मुलाला ओलीस धरलं. बेट्स यांनी हेलिकॉप्टरने हल्ला करून मनोरा परत घेतला आणि एका जर्मन वकिलाला कैद केलं. त्याच्या सुटकेसाठी जर्मनीला लंडनच्या वकिलातीतून अधिकारी पाठवावा लागला. 'जर्मनीचा राजनैतिक अधिकारी आमच्याकडे आला, म्हणजे मान्यता मिळाली,' असं बेट्स पुढे सांगत राहिले. जर्मनीने असं कधी म्हटलं नाही.

उलट त्याच वर्षी कोलोनच्या न्यायालयात नेमका हाच प्रश्न आला होता. सीलँडचं नागरिकत्व घेतल्यामुळे आपलं जर्मन नागरिकत्व संपलं, असा एकाचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. माणसाने बांधलेला फलाट म्हणजे पृथ्वीचा नैसर्गिक तुकडा नव्हे, त्यामुळे त्याला राज्याचा प्रदेश म्हणता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

१९८७ मध्ये ब्रिटनने आपला समुद्र १२ मैलांचा केला आणि मनोरा आपसूक त्याच्या पोटात आला. ब्रिटनने तिथे पोलीस पाठवले नाहीत, कारण त्या मनोऱ्याचा कोणाला त्रास नव्हता आणि कोणाला उपयोगही नव्हता. २००० मध्ये तिथे 'हेवनको' नावाची कंपनी आली. कुठल्याही सरकारचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी लोकांची संगणकीय माहिती साठवायची, हा तिचा धंदा. तो २००८ पर्यंत बंद पडला. सीलँड आजही आहे, पण एकाही देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. सरकारच्या जाचातून सुटायला निघालेल्या या देशात सत्ता बापाकडून मुलाकडे गेली. रॉय बेट्स २०१२ मध्ये वारले आणि त्यांचा मुलगा 'प्रिन्स' म्हणून गादीवर बसला.

शेजारी जागा झाला की

इतरांच्या वाट्याला ही फटसुद्धा आली नाही. बोलोन्याचे अभियंते जॉर्जो रोझा यांनी रिमिनी शहरासमोर ४०० चौरस मीटरचा फलाट उभारला. तिथे उपाहारगृह होतं, टपाल तिकिटं होती आणि एस्परांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा राजभाषा होती. १ मे १९६८ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. इटलीचा समुद्र त्या वेळी सहा मैलांचा आणि फलाट त्याच्या बाहेर होता. तरी ५५ दिवसांत इटलीच्या पोलिसांनी ताबा घेतला आणि १९६९ मध्ये सुरुंग लावून फलाट उडवून दिला. कायदा आपल्या बाजूने आहे असं रोझांना वाटत होतं. दाद मागायला त्यांच्या पाठीशी देश नव्हता.

मायकेल ऑलिव्हर या अमेरिकी व्यावसायिकाने लांबची जागा निवडली. पॅसिफिकमध्ये टोंगाच्या नैर्ऋत्येला मिनर्व्हा नावाचे पोवळ्यांचे खडक आहेत, भरतीला पाण्याखाली जाणारे. कायद्याने बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी जमीन. म्हणून १९७१ मध्ये ऑलिव्हर यांच्या माणसांनी तराफ्यांतून वाळू आणून खडकांवर ओतली आणि जानेवारी १९७२ मध्ये 'मिनर्व्हा प्रजासत्ताक' जाहीर झालं. कर नाही, अनुदानं नाहीत, बाजारावर बंधनं नाहीत, असं ते आश्वासन. जूनमध्ये टोंगाचे राजे चौथे ताउफाआहाउ तुपोऊ स्वतः मोहिमेवर निघाले. सोबत कैद्यांची तुकडी आणि बँडपथक. मिनर्व्हाचा झेंडा उतरला, टोंगाचा चढला. त्या भागातल्या इतर देशांनीही टोंगाच्या दाव्याला पाठिंबा दिला. नव्या प्रजासत्ताकाला हरवायला महासत्ता लागली नाही, शेजारचं छोटंसं राज्य पुरलं.

एप्रिल २०१९ मध्ये थायलंडच्या फुकेतसमोर तेच घडलं. एका खांबावर तरंगणाऱ्या अष्टकोनी खोलीत एक अमेरिकी गृहस्थ आणि त्यांची थाई जोडीदार राहायला गेली होती. जागा १२ मैलांच्या बाहेर, पण २०० मैलांच्या आत. थायलंडने हा सार्वभौमत्वाचा भंग मानला. त्या गुन्ह्याला तिथे मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. दोघं वेळेवर निसटली आणि नौदलाने खोली ओढून किनाऱ्याला नेली.

मग जहाजच देश केलं तर?

पाय टेकत नसतील तर तरंगावं, हा पुढचा विचार. पण समुद्रावरच्या प्रत्येक जहाजाला कुठल्यातरी एका देशाचा झेंडा लागतो. झेंडा म्हणजे नोंदणी, आणि जहाजावर कायदा चालतो तो नोंदणीच्या देशाचा. बिनझेंड्याचं जहाज दिसलं तर कोणत्याही देशाची युद्धनौका त्यावर चढून तपासणी करू शकते. म्हणजे झेंडा घेतला की सरकार आलं, आणि नाही घेतला तर सगळ्यांचीच सरकारं आली.

२०२० मध्ये काही स्वातंत्र्यवाद्यांनी 'पॅसिफिक डॉन' हे २४५ मीटर लांबीचं प्रवासी जहाज विकत घेतलं. कोरोनामुळे पर्यटन बसलं होतं, जहाज स्वस्तात मिळालं. बिटकॉइनच्या अज्ञात जनकावरून त्याचं नाव 'सातोशी' ठेवलं आणि पनामासमोर नांगर टाकून तरंगतं गाव वसवायचं ठरलं. मग एकेक बाब पुढे आली. तिथे स्थिर वस्ती म्हणून राहायची मुभा मिळेना, त्यामुळे जहाजांचे सगळे नियम लागू. सांडपाणी सोडायला वरचेवर खोल समुद्रात जायचं, इंजिन तयार ठेवायचं, खलाशी पोसायचे. शेवटी विमा उतरवायलाच कोणी तयार होईना आणि विम्याशिवाय जहाज चालवता येत नाही. एकही कुटुंब राहायला येण्याआधी जहाज विकावं लागलं. हा देश कोणा नौदलाने बुडवला नाही, तो विम्याच्या कागदावर बुडाला.

देश होण्याच्या चार अटी

१९३३ मध्ये उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे अमेरिका खंडातल्या राष्ट्रांनी एक करार केला. राज्य कशाला म्हणावं, याच्या त्यातल्या चार अटी आजही प्रमाण मानल्या जातात: कायम राहणारी लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार आणि इतर राष्ट्रांशी व्यवहार करण्याची क्षमता. पहिल्या तिन्हींची नक्कल पैसे टाकून करता येते. चौथी विकत मिळत नाही, कारण व्यवहाराला समोरचा तयार असावा लागतो.

टपाल तिकिटाचंच पाहा. सीलँडने आणि रोझांनीही तिकिटं छापली. पण तिकीट छापल्याने पत्र पोचत नाही. देशादेशांतली टपालव्यवस्था स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांनी चालते. संघाच्या सदस्य देशाचं तिकीट दुसऱ्या देशाचा पोस्टमन मानतो, बाकीचं संग्राहकांच्या वहीत जातं. पासपोर्ट, चलन, विमानाची परवानगी, बँकेचा व्यवहार यांचंही तेच.

टिकलेलं समुद्री राज्य: जंजिरा

समुद्रातलं राज्य टिकूच शकत नाही, असंही नाही. आपल्याकडे मुरुडसमोर जंजिरा आहे. सिद्दींचं हे राज्य तीन शतकांहून जास्त टिकलं. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज दोघांनाही ते जिंकता आलं नाही आणि १९४८ मध्ये ते भारतात विलीन झालं. तटबंदी आणि तोफा भक्कम होत्याच, किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलावही होते. पण त्याहून महत्त्वाची दोन कारणं किनाऱ्यावर होती. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या भागाचा महसूल सिद्दीच्या हाती होता, म्हणजे पोटाला लागणारं धान्य जमिनीवरून येत होतं. आणि पाठीशी आधी आदिलशाही, मग मोगल, पुढे इंग्रज, असा कोणीतरी बडा नेहमी होता. जंजिऱ्याचा किल्ला पाण्यात होता. राज्य जमिनीवर आणि मैत्रीवर उभं होतं.

समुद्रातल्या खडकावर दुसऱ्याने पाय ठेवला की शेजारी काय करतात, तेही आपल्याच किनाऱ्याने पाहिलं आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईचे इंग्रज लगेच आरमार घेऊन आले, सिद्दीही आला. महिनोन्‌महिने चकमकी झाल्या. मराठ्यांनी खांदेरी सोडली नाही, तेव्हा सिद्दीने शेजारची उंदेरी व्यापली. महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान तिथे टिकले, कारण थळच्या किनाऱ्यावरून शिबंदी आणि रसद येत राहिली. एकटा खडक चार दिवस टिकला नसता.

वादळात हाक कोणाला मारायची?

१७ मे २०२१ ला 'तौक्ते' वादळ मुंबईसमोरून गेलं. तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्यासाठी असलेला 'पी-३०५' हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. भारतीय नौदलाच्या 'कोची' आणि 'कोलकाता' या युद्धनौका त्या खवळलेल्या समुद्रात गेल्या. १८० हून अधिक जण वाचले, सुमारे ७० जण गेले. वादळाची सूचना असताना माणसं तिथे का ठेवली, हा प्रश्न विचारला गेला आणि तो योग्यच होता. पण तो विचारायला जागा होती: कोर्ट होतं, संसद होती, वर्तमानपत्रं होती. कर न भरणाऱ्या स्वतंत्र तराफ्यावर हीच वेळ आली असती, तर माणुसकी म्हणून कोणीतरी आलंही असतं; जाब विचारायला मात्र कोणी उरलं नसतं. अमेरिकी उद्योजक वर्नर स्टीफेल यांनी १९७१ मध्ये आपल्या नव्या देशासाठी सिमेंटचं जहाज बांधलं, ते असंच बहामाजवळ वादळात गेलं.

चौकट: थोडक्यात

- किनाऱ्यापासून १२ सागरी मैल (२२ किमी): किनाऱ्यावरच्या देशाची सत्ता.
- २०० सागरी मैलांपर्यंत (३७० किमी): ये-जा सर्वांना खुली, पण कृत्रिम बेट किंवा फलाट उभारायला त्या देशाची परवानगी हवी.
- त्यापलीकडे: वापर सगळ्यांचा, मालकी कोणाचीच नाही.
- माणसाने बांधलेला फलाट कायद्याने बेट ठरत नाही.
- जहाजाला एका देशाचा झेंडा हवाच, आणि झेंड्याबरोबर त्या देशाचा कायदा येतो.
- इतर देशांची मान्यता नसेल, तर पासपोर्ट, चलन, तिकिटं शोभेपुरती.

पुन्हा जमिनीवर

या अपयशांनंतर स्वातंत्र्यवादी मंडळी जमिनीकडे वळली आहेत. होंडुरासच्या रोआतान बेटावर 'प्रॉस्पेरा' नावाचं खास क्षेत्र उभं राहिलं, स्वतःचे नियम आणि कमी कर असलेलं. तेही होंडुरासच्याच २०१३ च्या एका कायद्याच्या आधाराने. २०२२ मध्ये तिथल्या नव्या सरकारने तो कायदा रद्द केला आणि अब्जावधी डॉलरचा वाद आंतरराष्ट्रीय लवादात गेला. आपल्याकडच्या २००५ च्या सेझ कायद्यातही ठरलेल्या कामांपुरतं सेझ हे भारताच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेरचं मानलं जातं. पण सवलत दिली सरकारने आणि काढून घेईल तेही सरकारच.

सरकारची ढवळाढवळ नको, हे म्हणणं वेडगळ नाही. पुणे जिल्ह्यातूनच ते फार जोरकसपणे मांडलं गेलं. शरद जोशी हे भारतीय टपाल सेवेतले अधिकारी. पुढे ते बर्नला त्याच जागतिक टपाल संघात काम करत होते. ती नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, आणि शेतकऱ्याच्या गरिबीचं कारण सरकारी धोरणात आहे या निष्कर्षावर आले. १९८० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली कांद्यासाठी चाकणला रस्ते अडले. पुढे त्यांनी शेतकरी संघटना वाढवली, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि २००४ ते २०१० राज्यसभेत बसले. त्यांची सगळी मतं पटायला हवीत असं नाही. पण बाजार मोकळा करा ही त्यांची मागणी आज कोणालाही उडवून लावता येत नाही. सरकार असलेल्या जमिनीवर राहून, त्याच सरकारशी भांडून त्यांनी ती तिथवर नेली. समुद्रातल्या एकाही देशाला कोणत्याही सरकारचं एवढं धोरण हलवता आलेलं नाही.

तेव्हा नव्या देशाचं नागरिकत्व, समुद्रातला प्लॉट किंवा 'लॉर्ड' पदवी विकायला कोणी आलं, तर एकच विचारा: तुमच्या देशाला मान्यता कोणी दिली आहे? उत्तरात एखाद्या खऱ्या देशाचं नाव आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा. आणि सरकारवर राग असेल तर तो ग्रामसभेत मांडा, मतपेटीतून दाखवा, गरज पडली तर कोर्टात न्या. सरकारवर परिणाम झाला आहे तो याच मार्गांनी.